शेठजींचं ताट वाजलं का?

हे मी लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. एखाद्या माणसावर लिहायचं तर त्याच्याबद्दल सगळं माहीत असावं, असं मला वाटायचं. आणि सोहनशेठबद्दल मला सगळं माहीत नाही. त्यांचं बालपण कुठं गेलं, तरुणपणी ते कसे होते, हे मी कधी विचारलं नाही. हिंमतच झाली नाही. शिवाय आमच्या घरात लिहिणारा मी पहिलाच. आईबाबा जऊळक्याकडचे, दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, उन्हाळ्यात परत येतात. आमच्याकडे माणसाची आठवण काढतात ती बोलून. ती कागदावर उतरवणं हा जरा आगाऊपणाच आहे. तो मी करतो आहे, त्याबद्दल शेठजींनी आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखणाऱ्या त्यांच्या गल्लीनं मला माफ करावं. काही चुकलं तर बेबीमावशी सांगतीलच. त्या कोणाचं काही ठेवून घेत नाहीत.

कॉलेजची वर्षं मी शेलूबाजारला, सोहनशेठच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत काढली. सकाळी एसटीनं वाशीमला जायचं, दुपारी परत यायचं. खाली शेठजींचं भांड्यांचं दुकान, मधल्या मजल्यावर ते एकटे, आणि वर मी. मुलगा पुण्याला नोकरीत. पत्नी मी येण्याच्या आधीच गेलेल्या. शेठजी उंच, सडपातळ, पांढरा पायजमा आणि लांब बाहीचा सदरा. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तोच चष्मा नाकावर सावरत ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "वस्तू कशी टिकाऊ पायजे."

मला ते नावानं हाक मारत नसत. पहिल्या दिवशी मी वाशीमच्या कॉलेजात जातो म्हणून सांगितलं, तेव्हापासून माझं नाव 'कॉलेज' पडलं. "काय कॉलेज, आज सुट्टी का?" "कॉलेज, नळ चालू राह्यला गा!" पुढं पुढं आख्खी गल्ली मला कॉलेज म्हणू लागली. घरी फोनवर आईनं नावानं हाक मारली की क्षणभर कोणाला बोलावते आहे ते कळायचं नाही.

शेठजी जैन. सूर्यास्तानंतर ते अन्न तर नाहीच, पाण्याचा घोटही घेत नसत. संध्याकाळ होऊ लागली की दुकानाचं अर्धं शटर खाली यायचं, आणि मागच्या खोलीतून खिचडीच्या फोडणीचा वास यायचा. अष्टमीला आणि चौदसला हिरवी भाजी नाही, त्या दिवशी पापडाची भाजी. त्यामुळे मला तिथी कॅलेंडरात बघावी लागत नसे, जिन्यातच कळायची. एकदा लग्नाच्या आहेराची भांडी घ्यायला रिसोडकडून एक कुटुंब आलं होतं. शेठजी मशीननं भांड्यांवर नावं कोरून देत. मोठ्या पातेल्यावर 'चि. सौ. कां. सु' इतकं कोरून झालं आणि त्यांनी बाहेर आभाळाकडं पाहिलं. मशीन बंद करून ते उठले.

"शेठजी, पोरीचं नाव सुनंदा आहे. पुरं करा ना," मुलीचे वडील म्हणाले.

"तिचं नाव कुठं पळून नाई चाललं. सूर्य चालला."

ती सगळी माणसं पातेल्यासमोर बसून राहिली. शेठजी आरामात जेवून, पाणी पिऊन, तोंड पुसत आले आणि 'नंदा' कोरून दिली.

असा हा सूर्याच्या घड्याळावर जेवणारा माणूस. पण गल्लीत त्यांना मान होता तो चंद्रामुळे.

त्याचं कारण एक गोदाम. गल्लीच्या पूर्वेला डाळमिलचं उंच गोदाम आहे. चंद्र उगवला तरी त्याच्या पत्र्यावरून वर येईपर्यंत गल्लीतल्या अंगणांतून दिसत नाही. संकष्टीचा उपास धरणाऱ्या बायकांना चंद्र दिसल्याशिवाय नैवेद्य दाखवता येत नाही, आणि नैवेद्याशिवाय जेवता येत नाही. गोदामावरून पलीकडचं आभाळ दिसेल अशी गच्ची गल्लीत एकच. म्हणून कधीकाळी कोणीतरी शेठजींना म्हटलं, "दिसला की आवाज द्या." शेठजींचा आवाज बारीक. त्यांनी दुकानातलं एक जाड पितळी ताट घेतलं आणि पळीनं वाजवलं. तेव्हापासून दर संकष्टीला हेच. ताट वाजलं की घराघरातून घंटी, आरतीचा सूर आणि मग ताटं मांडल्याचा आवाज. आणि गच्चीवर शेठजी, संध्याकाळीच जेवलेले, तृप्तपणे गल्लीकडं बघत उभे.

"पोट भरलेल्या माणसाले आमच्या भुकेचा ठेका," समोरच्या बेबीमावशी म्हणायच्या. त्यांच्या घरी पिठाची चक्की आहे. चक्कीच्या आवाजावरून बोलायची सवय झाल्यामुळे चक्की बंद असली तरी त्यांचा आवाज कमी होत नाही. मावशींना शुगरचा आजार. डॉक्टरांनी उपास करू नका म्हणून सांगितलेलं, त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "डॉक्टर काय, गणपतीपेक्षा मोठा हाय का?"

गच्चीवर राहिल्यामुळे महिनाभराचा चंद्र मला शेठजींच्या तोंडून ऐकायला मिळाला. ते रात्री शतपावलीला वर येत आणि चंद्रावर बोलत, जसं दुकानात गिऱ्हाइकांवर बोलत. खरं तर गिऱ्हाइकांची वर्गवारीच त्यांनी चंद्रावरून केलेली होती. दिवेलागणीला दारात येऊन, एक चमचा हातात घेऊन, लगेच निघून जाणारं गिऱ्हाईक म्हणजे बीजेचा चंद्र. "सूर्यामागून आला, तोंड दाखोलं, गेला. काही घेतलं नाई." संध्याकाळी येऊन मध्यरात्रीपर्यंत हलायचं नाव न घेणारा म्हणजे शुक्ल अष्टमी. पुनवेचा चंद्र त्यांच्या मते सरकारी नोकरीतला: सूर्य गेला की हजर, सूर्य आला की घरी. आणि दुकान बंद करताना धावत येणारा तो वद्य अष्टमीचा. "आपण झोपाले चाललो, अन् हा उठून राह्यला." अमावास्येच्या आधीच्या दिवसांत चंद्र पहाटे उगवतो, ती बारीक कोर त्यांना पूर्वेला दिसली की म्हणत, "पाहा, आता येऊन राह्यला. सूर्य निघाला की याचं कोणी पाह्यते का?" अमावास्येला सरळ, "आज दुकान बंद."

"चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा काहून येते, सांग बरं कॉलेज," त्यांनी एकदा विचारलं. मी पृथ्वी, चंद्र, कक्षा असं काहीतरी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण तुझ्या एसटीपेक्षा बरा. तो उशिरा येते तं सांगून येते."

शेठजींना सगळं समजत होतं असं नाही. चंद्रावरचे डाग म्हणजे ढगांच्या सावल्या, असं त्यांचं ठाम मत होतं आणि मी पुस्तकातलं चित्र दाखवूनही ते बदललं नाही. पण एका वादात ते जिंकले, तो सांगायला हवा. बेबीमावशींची सून वैशाली ठाण्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा माहेरहून कॅलेंडर घेऊन आली. पहिल्याच संकष्टीला शेठजींनी ताट वाजवलं, आणि वैशाली अंगणात येऊन म्हणाली, "अजून वेळ झालेली नाही. कॅलेंडरमध्ये चंद्रोदय नंतरचा दिला आहे."

"बाई, वर ये अन् पाहा," शेठजी गच्चीवरून म्हणाले.

ती वर आली. चंद्र समोर होता, चांगला मोठा, तांबूस. तिनं चंद्राकडं पाहिलं, मग मोबाईलमध्ये कॅलेंडरचा काढलेला फोटो पाहिला. "पण वेळ?"

"कोणत्या गावची वेळ आहे ते वाच."

"मुंबईची."

"मंग! चंद्र पूर्वेकडून येते. आपल्याकडून होऊन मंग मुंबईले जाते. आपण पाहून जुना केला की त्यायले भेटते."

वैशालीला ते पटलं, पण भीती वाटली. नवी सून, पहिला उपास. ती डोक्यावर चंद्र घेऊन मुंबईची वेळ होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं उपाशी बसली. मावशी जेवता जेवता ओरडल्या, "सूनबाई, तुया चंद्र गाडीत बसला का नाई अजून? स्टेशन आलं की सांग!" पुढच्या महिन्यापासून ती ताटावर जेवू लागली.

मी तिसऱ्या वर्षाला गेलो तेव्हा भांड्यांवरची नावं वर चढू लागली. सुरुवात सरळ होई, पण शेवटची अक्षरं वेलीसारखी काठाकडं निघत. एकानं तक्रार केली तर शेठजी म्हणाले, "डिझाईन आहे." मग ते सुटे पैसे डोळ्यांजवळ नेऊन पाहू लागले. पुण्याहून मुलाचे फोन वाढले. शेवटी एक दिवस ते माझ्याबरोबर एसटीत बसले. "तुया कॉलेजकडं डोळ्याचा डॉक्टर आहे म्हणतात. दाखोव."

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, आणि चांगलाच पिकलेला. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. "ऑपरेशन सोपं आहे, शेठजी. नंतर काही आठवडे थेंब टाकायचे. दिवसातून बऱ्याच वेळा, आणि रात्री झोपतानाही."

"रात्री नाई जमत."

"का बरं?"

"आमी सूर्यास्तानंतर काही घेत नाई."

"अहो, थेंब डोळ्यात टाकायचेत. तोंडात नाही."

"डोळ्यातून घशात उतरते ना. कडू लागते. मागं डोळे आले होते, तेव्हा पाह्यलं मी."

डॉक्टर प्रामाणिक होते. "उतरतं थोडं," ते म्हणाले. "डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटानं दाबून धरला तर नाही उतरत."

"अन् बोट हललं तं?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या महाराजांना विचारून पाहा ना. औषधाला हरकत नसेल."

"नाईच. महाराज हो म्हणतील," शेठजी उठत म्हणाले. "म्हणूनच तं विचारत नाई."

परतीच्या गाडीत मी घाबरत घाबरत म्हटलं, "शेठजी, सूट असेल तर घ्यायला काय हरकत आहे?" ते खिडकीबाहेर बघत होते, त्यांना त्यातलं किती दिसत होतं, कोण जाणे. म्हणाले, "जन्मभर पाळलं, कॉलेज. आता शेवटी शेवटी कायले तोंड कडू करू?" पुढं त्यांनी विषय काढला नाही आणि मलाही काढू दिला नाही.

त्यानंतरच्या संकष्टीला ती गोष्ट झाली, जी गल्ली अजून विसरलेली नाही.

गावाबाहेर पूर्वेला नवा मोठा रस्ता झाला आहे. त्याच्या चौफुलीवर उंच खांब उभा केलेला होता, टोकाला दिव्यांचं कडं. तो बरेच दिवस नुसताच उभा होता. नेमका त्या संध्याकाळी पहिल्यांदा लागला. हवेत धूळ होती. मी खोलीत वाचत बसलो होतो आणि बाहेर ताट वाजलं. नेहमीपेक्षा जोरात. खाली घंट्या, आरत्या, ताटं. मी बाहेर आलो. शेठजी हात जोडून पूर्वेकडं बघत होते. गोदामाच्या वर, धुळीत, एक गोल पिवळा उजेड होता, भोवती मोठं खळं.

"आज किती मोठा दिसून राह्यला," ते म्हणाले.

मी काही म्हणायच्या आत खालून वैशालीचा आवाज आला. ती मोबाईल हातात धरून अंगणात उभी होती. "कॉलेजदादा, याच्यात तर अजून वेळ आहे. यावेळी गाव शेलूबाजारच टाकलं आहे मी!"

मग खरा चंद्र निघाला. खांबाच्या बराच उजवीकडं, थोडासा खाऊन टाकल्यासारखा, चतुर्थीला असतो तसा. गल्लीचे मोदक तोवर संपले होते.

मग मावशी अंगणात आल्या, तोंड पुसत. "म्हणजे आपण खांबाले नैवेद्य दाखोला?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. "सरकारी चंद्र होता, मावशी."

"गणपतीनं पाह्यलं असंन वरून. म्हणत असंन, हे शेलूबाजारचे लोकं कोणाले हात जोडून राह्यले!" मावशींनी वर पाहिलं. "जाऊ द्या वो शेठजी. खांबालेबी कोणी पुसत नाई बिचाऱ्याले."

गल्ली हसली आणि झोपली. शेठजी हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात जो येईल त्याला ते स्वतःहून सांगत होते, "काल मी लोकायचा उपास मोडला." गिऱ्हाईक म्हणे, असू द्या शेठजी, तर ते त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगत.

त्यानंतर ते फार जपून वागू लागले. चंद्र अर्धवट दिसला, धूसर दिसला, तर ताट वाजवत नसत. चष्मा पुसायचे, जागा बदलायचे, एक डोळा झाकून पाहायचे, मग दुसरा. चंद्र चांगला वर येऊन, पांढरा होऊन, त्याच्याबद्दल कोणालाच शंका उरली नाही, म्हणजे मग पळी ताटाला लागायची. तोवर बराच वेळ गेलेला असायचा.

"निघाला, शेठजी," मी एकदा म्हटलं.

"तुले दिसला?"

"हो."

"मले दिसू दे. मी वाजवून राह्यलो ना? मंग मले दिसला पायजे."

आणि गल्ली? गल्लीच्या प्रत्येक घरात एव्हाना मोबाईल होता. चंद्र किती वाजता निघाला ते सगळ्यांना माहीत होतं. पण कोणी जेवत नव्हतं. मी खाली पाणी आणायला गेलो की दारादारात बायका बसलेल्या दिसायच्या, आरतीची तयारी झाकून. "शेठजींचा निघाला का?" हळूच विचारायच्या. "नाही अजून," मी सांगायचो. हळूहळू त्यांनी त्याचीही सोय केली. कुकर उशिरा चढू लागले, मोदक उशिरा उकडू लागले. कोणी ठरवून केलं नाही, पण आख्ख्या गल्लीचा स्वयंपाक शेठजींच्या डोळ्यांच्या चालीनं होऊ लागला. नैवेद्याची घंटी वर ऐकू जाईल, आणि ताट वाजायच्या आधी घंटी ऐकली तर म्हाताऱ्याला काय वाटेल, एवढाच त्यात विचार होता. मावशी दर महिन्याला नव्या शिव्या घालत, पण थांबत.

पौषातली संकष्टी आली. त्या दिवशी धुकट होतं. चंद्र गोदामाच्या वर आला, तरी शेठजी चष्मा पुसतच होते. मी म्हटलं, "शेठजी, आला वाटतं."

"वाटतं? वाटण्यावर मी एकदा खांब वाजोला."

तेवढ्यात खाली काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि वैशाली ओरडली, "आई! आई, डोळे उघडा!" मग वर तोंड करून, "शेठजी, वाजवा हो ताट! चंद्र कधीचा वर आलाय! आईंना घाम फुटलाय, साखर तोंडात घेत नाहीत!"

शेठजींनी चंद्राकडं पाहिलंच नाही. ताट वाजवलं, वेड्यासारखं वाजवलं, आणि पळी हातात घेऊनच जिना उतरू लागले. मी मागं धावलो. मावशी पायरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, कपाळ ओलं, हात थरथरणारे, दात घट्ट मिटलेले. ताट वाजल्याचं वैशालीनं कानाशी सांगितलं, तेव्हाच त्यांनी तोंड उघडलं. वैशालीनं साखरेचं पाणी पाजलं. हळूहळू रंग परत आला. डोळे उघडून त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते समोर पळी घेऊन उभ्या असलेल्या शेठजींकडं.

"तुमचा चंद्र," त्या म्हणाल्या, "बैलगाडीनं येते का?"

"कवाचा निघाला होता?" शेठजींनी विचारलं.

गल्लीतली सगळी माणसं आपापल्या दारात उभी होती आणि सगळी जमिनीकडं बघत होती.

"मावशी, मी तुमाले विचारून राह्यलो."

मावशींना खोटं बोलता येत नाही. "आज नाई फक्त. त्या खांबापासून दर वेळेस असंच. तुमाले दिसेपर्यंत आमी थांबतो." आणि मग, सगळ्यांच्या वतीनं चिडून, "मंग काय करावं? तुमी वर उभे, अन् आमी खाली घंट्या वाजवाव्या?"

शेठजी पळी सदऱ्याच्या खिशात घालायचा प्रयत्न करू लागले. ती त्यात मावत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीसाठी निघालो तर ते दुकानाच्या पायरीवर तयार होऊन बसलेले. "चाल," म्हणाले. गाडीत ते मला एवढंच म्हणाले, "मी पोटभर जेवून ताट घेऊन उभा राह्यत होतो, कॉलेज. अन् लोकं उपाशी राहून माया मान ठेवून राह्यले होते. माया नियमाची एवढी किंमत दुसऱ्याच्या पोटानं कायले द्यावी?"

डॉक्टरांनी त्यांना ओळखलं. "शेठजी, रात्रीच्या थेंबांचं काय ठरलं?"

"टाकू."

"घशात उतरलं तर?"

"उतरू द्या. दुसऱ्या दिवशी उपास करीन."

"अहो, रोज रात्री टाकायचेत. रोज उपास करणार?"

शेठजींनी विचार केला आणि गिऱ्हाइकाशी घासाघीस करावी तसे म्हणाले, "एक दिवसाआड करतो."

"एकही नाही. औषध चालू असताना उपास नाही."

"बरं, मंग चातुर्मासात करीन. पण सगळे करीन, सांगून ठेवतो."

डॉक्टरांनी त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली: फार उशीर केला आहे, नजर येईल, पण किती येईल ते आत्ता सांगता येणार नाही. आधी एक डोळा झाला. मुलगा पुण्याहून आला, काही दिवस राहिला, गेला. दुसरा डोळा व्हायचा होता. गच्चीचा जिना चढायची मनाई होती. ताट माझ्या खोलीबाहेर भिंतीला उभं करून ठेवलेलं होतं, त्यावर धूळ बसत होती.

माझी परीक्षा संपली आणि पुढच्या शिक्षणासाठी अमरावतीला जायचं ठरलं. खोली सोडली त्या दिवशी संध्याकाळी बॅग घेऊन खाली आलो. दिवे लागलेले होते. शेठजी दुकानाच्या पायरीवर मान मागं टाकून बसले होते, काळा चष्मा मांडीवर. त्यांच्या समोर बेबीमावशी थेंबाची बाटली घेऊन उभ्या.

"वर पाहा. वर! जन्म वर पाहूनच गेला ना तुमचा, मंग आता काहून खाली?"

"हळू वो बाई."

"तोंड मिटा. मी डोळ्यात टाकून राह्यले, तुमी तोंड कायले उघडता?"

थेंब पडला. शेठजींनी घाईघाईनं बोटानं नाकाजवळचा कोपरा दाबला. दाबून बसले. थोड्या वेळानं त्यांच्या गळ्याची घाटी एकदा वर जाऊन खाली आली, आणि चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला.

"उतरलं का?" मावशींनी विचारलं.

"उतरलं."

"कसं लागते?"

"कडू."

"मंग मोदक हाय का तो, गोड लागाले?" मावशी म्हणाल्या. पण आवाज त्यांच्या मानानं अगदी हळू होता. त्या खालच्या पायरीवर बसल्या. शेठजी डोळा मिटून होते, एक बोट कोपऱ्यावर तसंच.

मी पाया पडलो. "कोण, कॉलेज? निघाला का?" त्यांनी चाचपून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "या महिन्यात सगळे मोबाईलवर जेवले. मी खिडकीतून ऐकत होतो. एक घंटी इकडून, एक तिकडून." त्यांनी मांडीवरचा काळा चष्मा उचलला. "पाहू आता, दुसरा डोळा काय म्हणते ते."

अमरावतीला आल्यावर संकष्ट्या येत गेल्या. दर वेळी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन मी चंद्र पाहायचो आणि फोन करावा असं वाटायचं. पण वाईट उत्तर आलं तर काय बोलायचं ते सुचत नसे. कोणाकडूनच काही कळत नव्हतं.

काल संकष्टी होती. चंद्र नुकताच निघाला होता आणि वैशालीवहिनींचा फोन आला. पाठीमागं एवढा गोंधळ होता की आधी मला वाटलं, कोणाला काही झालं.

"वाजलं, कॉलेजदादा! ताट वाजलं! दोन्ही डोळे झाले शेठजींचे, आज पहिल्यांदा वर चढले. मोबाईलमधली वेळ झाली न झाली तोच वाजवलं हो!"

"मग? जेवलात का सगळे?"

"कुठलं जेवण! इतक्या लवकर वाजेल असं कोणाला वाटलं? ते वर चढणार म्हणून सगळ्यांनी पुन्हा पहिल्यासारखं उशिराच धरलं होतं. कोणाचा कुकर नाही चढलेला, कोणाची आरती नाही भरलेली. आमचं तर सारणच कढईत आहे. आणि शेठजी वर उभे राहून ओरडून राह्यलेत, चंद्र आला, तुमी कुठं गेले!"

मागून मावशींचा आवाज आला, चक्कीच्या वरचा: "त्यायले म्हणा, जरा दम धरा! डोळे आले म्हणून काय झालं!"

"ठेवते हं दादा," वहिनी म्हणाल्या. "मोदक वळायचेत अजून."